मुक्या सोबत्यांची चित्रे : घरातून चौकाकडे



ज्या सभागृहात लहानपणी सतरंजीच्या मागच्या कडेला बसून मी पाहुण्यांची भाषणे केव्हा संपतात याची वाट पाहत असे, त्याच सभागृहात आज व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा योग आला आहे. हा योग मी माझ्या गुणांचा मानीत नाही, आपल्या लोभाचा मानतो. आणि मागच्या कडेला आजही जी मुले बसली आहेत, त्यांच्या मनःस्थितीची मला पूर्ण कल्पना आहे, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवतो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्या आपल्या चित्रकलेच्या शिक्षकांना आपण सगळे नुसते ‘सर’ म्हणत आलो. शाळेत इतरही पुष्कळ सर होते. परंतु नुसते ‘सर’ म्हटले की कोण, हे वडोदऱ्याच्या आपल्या या मंडळींत कुणाला विचारावे लागत नसे. त्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी तो मला पुन्हा एकदा म्हणून दाखवायला सांगितला. पाळीव प्राण्यांची चित्रे! त्यांची अपेक्षा बहुधा भारतीय चित्रपरंपरा किंवा कलाशिक्षणाचे भवितव्य अशा एखाद्या भारदस्त विषयाची असावी. परंतु मी जे काही चित्रकलेत शिकलो ते एका कुत्र्याच्या चित्रापासून शिकलो, आणि शिक्षक म्हणून माझ्या हातून जी चूक झाली तीही एका मांजरीच्या चित्रापाशी झाली. सरांचे ऋण फेडायचे तर याच दोन जिवांची गोष्ट सांगितली पाहिजे, असे मला वाटले.

गोष्ट 1966 सालची. मी सहावीत होतो. एके दिवशी तासाला येऊन सर म्हणाले, “कुत्रा काढा.” आम्ही काढला. चाळीस मुलांनी चाळीस कुत्रे काढले आणि ते सारे एकाच आईच्या पोटचे असावेत इतके सारखे होते. लांबट पोट, चार काठ्यांसारखे पाय, वर वळलेली शेपटी, बाहेर आलेली जीभ. सर बाकांमधून फिरत आले आणि प्रत्येकापाशी थांबून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हा कुणाचा कुत्रा?” कुणालाच उत्तर देता येईना. फळ्यापाशी परत जाऊन ते म्हणाले, “कुणाचाच नसेल, तर तो कुणावर भुंकायचाही नाही आणि कुणाला पाहून शेपूटही हलवायचा नाही.”

मग त्यांनी आम्हाला गृहपाठ दिला. घरातला, वाड्यातला, गल्लीतला एखादा ओळखीचा प्राणी आठ दिवस नुसता पाहायचा. कागद-पेन्सिल हातात घ्यायची नाही. वही उघडायची ती नवव्या दिवशी.

आमच्या वाड्याच्या उंबऱ्याशी खंड्या नावाचा एक कुत्रा असे. तो आमचा होता असे आम्ही समजत होतो. समोरच्या बिऱ्हाडातली मंडळीही तो आपलाच आहे असे समजत होती. त्याला मी जन्मल्यापासून पाहत होतो, पण त्या आठ दिवसांत प्रथमच पाहिले. त्याचा उजवा कान कुठल्याशा जुन्या मारामारीत फाटलेला होता आणि त्यामुळे डोके किंचित डावीकडे कलते ठेवण्याची त्याला सवय लागली होती. वडील सायकलवरून आले की तो पडल्या जागी शेपटीचे नुसते टोक हलवी. आजी पोळीचा तुकडा घेऊन बाहेर आली की सबंध शेपटी हले. बसण्यापूर्वी तो स्वतःभोवती दोन फेऱ्या घेई. माझ्या नवव्या दिवसाच्या चित्रात पाय चुकले होते, पोट चुकले होते, परंतु तो फाटका कान आणि कलती मान बघून समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू म्हणाल्या, “अगं बाई, खंड्याच की हा!” चित्रकार म्हणून मला मिळालेले ते पहिले आणि, खरे सांगायचे तर, सर्वांत मोठे पारितोषिक.

माणसाचे असते तसे प्राण्याचेही व्यक्तिचित्र असते, हे सरांनी आम्हाला ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द न उच्चारता शिकविले. जात काढणे वेगळे आणि ‘तो’ काढणे वेगळे. कुत्रा म्हणजे काय हे ज्ञानकोशात सापडते. खंड्या म्हणजे कोण हे फक्त खंड्यापाशी बसून कळते. म्हणूनच सर आम्हाला जमिनीवर बसायला लावीत. उभे राहून खाली पाहिले तर प्राण्याची पाठ दिसते. त्याच्या पातळीवर बसले तर त्याचा चेहरा दिसतो. पुढे पुष्कळ वर्षांनी डेव्हिड हॉक्नी या इंग्रज चित्रकाराविषयी वाचताना मला सरांची आठवण झाली. हॉक्नीने आपल्या घरातल्या स्टॅन्ली आणि बूजी या दोन आखूड पायांच्या डॅशहुंड कुत्र्यांची चित्रमालिका 1995 मध्ये रंगविली. त्यासाठी त्याने घरात ठिकठिकाणी ठेंगणे चित्रफलक मांडून ठेवले होते आणि रंग कायम तयार ठेवले होते. कारण दारावर थाप पडली किंवा खाण्याचा वास आला की त्याची ही दोन मॉडेले उठून चालू लागत. जगप्रसिद्ध चित्रकारालाही कुत्र्यासाठी खाली बसावेच लागते, हे कळल्यावर सहावीच्या वर्गातला मी मनातल्या मनात फार सुखावलो. ती चित्रे 1998 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि ज्यांनी ते कुत्रे कधी पाहिले नाहीत अशा असंख्य वाचकांच्या ओळखीचे झाले.

येथे माझ्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. घरच्या प्राण्याचे चित्र काढणे ही घरातली गोष्ट झाली. ते दुसऱ्याला दाखवायचे, वाटायचे, त्यातून काही उपक्रम उभा करायचा, म्हणजे ते उंबऱ्याबाहेर न्यायचे. हे नेणे सोपे नाही. आपल्या प्राण्याचे कौतुक आपल्यालाच असते. पु. ल. देशपांड्यांनी ‘पाळीव प्राणी’ लिहून या कौतुकाने गांजलेल्या पाहुण्यांची बाजू मराठीत कायमची मांडून ठेवली आहे. तेव्हा प्रश्न असा की, माझ्या खंड्याशी ज्याचा काही संबंध नाही त्याने त्याचे चित्र का पाहावे?

याचे एक उत्तर चारशे वर्षांपूर्वीच्या एका बादशहाने देऊन ठेवले आहे. 1612 साली जहांगीर बादशहाचा एक सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी घेऊन दरबारी आला. त्यांत एक टर्की कोंबडा होता. बादशहाने असला पक्षी पूर्वी पाहिला नव्हता. त्याने आपल्या आत्मवृत्तात त्याचे बारकाईने वर्णन केले आणि पुढे नमूद केले आहे की, बाबराने प्राण्यांची वर्णने लिहून ठेवली, परंतु चित्रकारांकडून त्यांची चित्रे करवून घेतली नाहीत. आपण मात्र ती करवून घेतली, म्हणजे ऐकून जे आश्चर्य वाटते ते पाहून वाढावे. उस्ताद मन्सूर हा त्याच्या पदरचा पशुपक्ष्यांचा श्रेष्ठ चित्रकार. मन्सूरने काढलेला तो टर्की कोंबडा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. 1621 मध्ये याच बादशहाकडे एक झेब्रा आला. अंगावरचे पट्टे कुणी रंगवून तर दिले नाहीत ना, अशी लोकांना शंका आली आणि ते नीट तपासून पाहण्यात आले! तो प्राणी पुढे इराणच्या शाह अब्बासकडे भेट म्हणून पाठविण्याचे ठरले. मन्सूरचे चित्र मात्र राहिले. त्यात मागे डोंगर नाहीत, राजवाडा नाही. लगाम घातलेला तो एकटा जनावर, एका पट्ट्याचाही आळस न करता काढलेला. बादशहाच्या अंगणातला प्राणी ज्यांच्या दृष्टीस कधी पडला नसता अशा आपल्यासारख्यांना तो भेटतो, याचे कारण चित्रकाराने ‘एक झेब्रा’ काढला नाही; ‘हा झेब्रा’ काढला.

चित्र एकाच्या घरातून अनेकांच्या घरी जाण्याचे साधन म्हणजे छापखाना, आणि याचा इतिहास आपल्या गावाला नवा नाही. राजा रविवर्म्याने लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे रंगविली. त्याच रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे चाळीतल्या खोलीपर्यंत पोचली. आपल्या आजोबांच्या देवघरातला दत्त, त्याच्या पायाशी बसलेले चार श्वान आणि मागे उभी असलेली गाय, असल्या छापील चित्रांनी आपले डोळे घडविले. पण देवाच्या पायाशी असलेले ते श्वान प्रतीके होती. एका खऱ्या, नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्याचे चित्र घरोघरी गेल्याचे सर्वांत मोठे उदाहरण दुसरेच आहे, आणि गंमत अशी की ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात होते. आपल्याला ते घरच्या कुत्र्याचे चित्र आहे हे ठाऊक नव्हते एवढेच.

कर्ण्यापुढे बसून मान कलती करून ऐकणारा तो पांढरा कुत्रा आठवा. बालगंधर्वांची पदे ऐकताना तबकडीबरोबर गरगर फिरणारा तो कुत्रा पाहत आमच्या पिढीतली कितीतरी मुले झोपी गेली असतील. त्या कुत्र्याचे नाव निपर. त्याचा जन्म 1884 चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला. त्याचा मूळ धनी 1887 मध्ये निवर्तला आणि निपर धन्याच्या भावाकडे, फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराकडे आला. 1895 मध्ये निपर गेला. त्यानंतर तीन वर्षांनी बॅरॉडने आठवणीतून चित्र रंगविले. घरात एक फोनोग्राफ होता, नळकांड्यावर आवाज उमटविणारे त्या काळचे यंत्र. त्याच्या कर्ण्यापाशी निपर कसा कुतूहलाने बसे, हे त्याच्या डोळ्यांपुढे होते. त्याने तेच काढले.

मग हे चित्र घेऊन बॅरॉड ते कुणी विकत घेते का हे पाहत फिरला. कुणी दाद देईना. 1899 मध्ये तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला, तोही चित्र विकायला नव्हे. चित्रातला काळा कर्णा त्याला उठावदार वाटत नव्हता म्हणून नमुन्यासाठी पितळी कर्णा उसना मागायला गेला. कंपनीच्या व्यवस्थापकाने चित्राचे छायाचित्र पाहिले आणि विचारले, यातले नळकांड्याचे यंत्र पुसून तेथे आमचे तबकडीचे यंत्र काढाल का? बॅरॉडने ते मान्य केले. चित्राचे 50 पौंड आणि हक्कांचे 50 पौंड, असे 100 पौंड त्याला मिळाले. पुढे कंपनीच्या सांगण्यावरून त्याने या चित्राच्या 24 प्रती स्वहस्ते रंगविल्या. मूळ चित्र तिरप्या उजेडात पाहिले तर वरच्या रंगाखाली जुन्या यंत्राच्या खुणा आजही जाणवतात.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. एका माणसाचे आपल्या गेलेल्या कुत्र्याविषयीचे प्रेम बाजारात गेले, कंपनीची खूण झाले. कुणी म्हणेल, हा त्या प्रेमाचा विक्रय झाला. मला तसे वाटत नाही. कारण बॅरॉडने यंत्र बदलले. निपर बदलला नाही. कुत्रा जातिवंत दिसावा, अधिक देखणा दिसावा म्हणून त्याने त्याच्या अंगाला कुंचला लावला नाही. तो संकर जातीचा, सामान्य घरातला कुत्रा होता तसाच राहिला, आणि म्हणूनच इंग्रजी न समजणाऱ्या आमच्या आजीलाही तो कुणाचा तरी आहे, कुणाची तरी वाट पाहतो आहे, हे तबकडीवरून कळत असे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. ते फार उशिरा आले, आणि एका सहावीतल्या मुलीने ते मला दिले. आता ती हकिकत सांगतो.

1994 साली मी ज्या शाळेत चित्रकला शिकवीत होतो तेथे एक उपक्रम योजला. मुलांनी आपापल्या घरच्या प्राण्यांची चित्रे काढायची, त्यांतली बारा निवडून पुढच्या वर्षाची दिनदर्शिका छापायची आणि विक्रीतून येणारे पैसे पांजरापोळातल्या म्हाताऱ्या गुरांच्या चाऱ्यासाठी द्यायचे. सरांचाच कित्ता मी गिरवीत होतो. मुलांनी आठ-आठ दिवस प्राणी पाहिले, जमिनीवर बसून पाहिले. पोपट आले, शेळी आली, कासव आले, म्हशीचे एक फार सुरेख रेडकू आले. एका मुलीने आपली मांजर काढली. नाव मनी. मनी खिडकीत बसली आहे, शेपूट पायांभोवती गुंडाळलेली आहे आणि तिचा एक डोळा मिटलेला आहे.

मी ते चित्र सप्टेंबर महिन्यासाठी निवडले. छापखान्यात देण्यापूर्वी सगळ्या चित्रांवर शेवटचा हात फिरवायला बसलो. रेषा पुसट असेल तेथे काळ्या शाईने उठाव दे, डाग असेल तेथे पांढरा रंग लाव, असे चालले होते. मनीच्या चित्रापाशी आलो आणि मला वाटले, एक डोळा काढायचा राहिला आहे, किंवा साधला नाही म्हणून मुलीने रेघ ओढून सोडून दिला आहे. मी मिटलेल्या डोळ्यावर पांढरा रंग दिला आणि तेथे एक छान, गोल, चमकदार डोळा काढला. उजव्या डोळ्याशी हुबेहूब जुळणारा. माझ्या कौशल्यावर मी खूष झालो, हेही कबूल करतो.

पाचशे प्रती छापून आल्या. स्नेहसंमेलनाच्या दिवशी विक्री सुरू झाली. मुलीला तिची प्रत दिली. तिने सप्टेंबरचे पान उलटले, बराच वेळ पाहिले आणि वर न बघता म्हणाली, “सर, ही माझी मनी नाही.”

मी विचारले, “का गं? नीट आली नाही का छपाई?”

ती म्हणाली, “मनीला एकच डोळा आहे. ती आली तेव्हापासून.”

अध्यक्ष महाराज, शिक्षकाच्या आयुष्यात काही वाक्ये अशी ऐकावी लागतात की त्यांपुढे सगळी प्रशस्तिपत्रे फिकी पडतात. ज्या सरांनी मला ‘हा कुणाचा कुत्रा’ हे विचारायला शिकविले, त्यांचा मी शिष्य. आणि मी त्या मुलीला एवढेसुद्धा विचारले नव्हते की हा डोळा असा का आहे. तिने आठ दिवस पाहून जे काढले होते ते मी आठ मिनिटांत ‘दुरुस्त’ केले होते. मी मनीला जगातल्या सगळ्या मांजरांसारखी करून टाकली होती.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिच्या आई-वडिलांनी ‘सर, एवढं काय त्यात’ म्हणून माझा संकोच दूर करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. मुलगी मात्र तसे म्हणाली नाही, आणि तिचे बरोबर होते. मनी खिडकीतच होती. मी प्रथमच तिला पाहिले. डावा डोळा पिल्लूपणीच गेलेला, आणि त्यामुळे कुणाकडेही पाहताना सबंध तोंड वळवून पाहण्याची एक लकब. चित्रात ते वळलेले तोंड बरोबर आले होते. मीच ते वाचू शकलो नव्हतो.

मी मुलीची क्षमा मागितली आणि विचारले, “उरलेल्या प्रतींचं काय करू या? तू सांगशील तसं.” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मी मिटवून देते डोळा.” त्यानंतर तीन दिवस दुपारच्या सुटीत आम्ही दोघे चित्रकलेच्या खोलीत बसलो. मी पांढरा रंग लावायचा, तो वाळला की तिने वर एक बारीक काळी रेघ ओढायची. सव्वातीनशेच्या आसपास प्रती होत्या. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या आणखी चार मुली मदतीला आल्या. रंग त्यांनी लावले, परंतु रेघ तिने कुणाला ओढू दिली नाही. ज्या प्रती आधीच विकल्या गेल्या होत्या त्यांत मनीला दोन डोळे राहिले ते राहिलेच. पांजरापोळाला पैसे पोचले, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, उपक्रम यशस्वी झाला असे सगळे म्हणाले. मला मात्र त्या दीड-पावणेदोनशे घरांच्या भिंती अधूनमधून आठवत.

त्यानंतरच्या माझ्या नोकरीच्या वर्षांत मी असे उपक्रम पुष्कळ केले. दिवाळीची शुभेच्छापत्रे केली, पोळ्याच्या दिवशी मातीच्या बैलांबरोबर खऱ्या बैलांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी जाऊन त्यांच्या पोपटाचे किंवा मांजराचे चित्र काढून त्यांनाच भेट देण्याचा एक क्रम ठेवला. या सगळ्यांत काही पथ्ये मी कटाक्षाने पाळली. मुलाने दिले तरच चित्र बाहेर न्यायचे. चित्राखाली मुलाच्या नावाबरोबर प्राण्याचेही नाव छापायचे. कागद लहान-मोठा करावा, चौकट बदलावी, मागचा रंग बदलावा, खिडकीच्या जागी अंगण आणावे. पण प्राण्याच्या अंगाला हात लावायचा नाही. थोडक्यात, यंत्र बदलावे, निपर बदलू नये.

कुणी असे विचारील की, मग चित्र चांगले नसले तर? याचेही उत्तर अलीकडेच एका हकिकतीने दिले आहे. 2020 मध्ये, साथीच्या त्या कठीण वर्षात, इंग्लंडच्या ससेक्स भागातल्या एका गृहस्थाने आपल्या मुलाबरोबर बसून घरच्या कुत्र्याचे एक अगदी ओबडधोबड चित्र काढले आणि ते विक्रीला आहे अशी थट्टा समाजमाध्यमावर केली. लोकांनी ती थट्टा उचलून धरली आणि आपापल्या प्राण्यांची छायाचित्रे त्याच्याकडे धाडून तसलीच चित्रे काढून मागितली. त्याने पैसे स्वतः न घेता बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देणगी द्यायला सांगितले आणि लाखाहून अधिक पौंड जमले. ती चित्रे पाहून हसू येते. परंतु प्रत्येक धनी आपला प्राणी त्यांत ओळखतो. पाय तिरके, डोळे फिरलेले, पण तो ठिपका जागच्या जागी. काकूंनी माझा खंड्या ओळखला तेव्हाही त्याचे पाय चुकलेलेच होते. हात कच्चा असला तर चित्र वाटता येते. बघणे कच्चे असले तर वाटण्यासारखे काही उरत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या खंड्याशी ज्याचा संबंध नाही त्याने त्याचे चित्र का पाहावे? मला वाटते, ते पाहताना त्याला खंड्या भेटत नाही, त्याचा स्वतःचा मोती किंवा राजा भेटतो. चाळीस मुलांच्या त्या चाळीस सारख्या कुत्र्यांकडे पाहून कुणालाच कुणाची आठवण झाली नसती. फाटक्या कानाचा एकच कुत्रा पाहून मात्र प्रत्येकाला आपल्या कुत्र्याची एखादी वेगळी खूण आठवते. आपले दुःख, आपली माया दुसऱ्यापर्यंत न्यायची तर ती गुळगुळीत करून न्यावी लागते असा आपला समज असतो. अनुभव याच्या उलट आहे. गुळगुळीत केलेली माया हातातून निसटते. तिच्या कानाकोपऱ्यांनाच दुसऱ्याचे बोट अडकते.

सरांनी माझे चित्र शाळेच्या हस्तलिखितासाठी निवडले तेव्हाचा प्रसंग सांगून थांबतो. त्या काळी शिक्षकाने वही उचलून नेली तरी कुणी काही म्हणत नसे. पण सरांनी मला मधल्या सुटीत बोलावून विचारले, “हे चित्र हस्तलिखितात लावावे असे मला वाटते. देशील का? तुझे आहे, आणि थोडे खंड्याचेही आहे.” मी हो म्हटले. खंड्याला विचारायचे राहिले. पुढच्याच पावसाळ्यात तो गेला. घरी त्याचे छायाचित्र नव्हते. त्या काळी कुत्र्याचे छायाचित्र कोण काढतो? मी शाळेत असेतोवर ग्रंथालयात जाऊन ते हस्तलिखित मागून घेत असे. पुढे समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूही एकदा संमेलनाला आल्या असताना ते पान पाहून गेल्या. वाडा गेला, आता तेथे सदनिका उभ्या आहेत. उंबराच नाही, तेव्हा उंबऱ्याशी बसणारा कुणी असण्याचा प्रश्न नाही.

आज व्याख्यानापूर्वी मी ग्रंथपालांना विनंती केली आणि त्यांनी ते हस्तलिखित शोधून काढले. कागद पिवळा पडला आहे, कडा कुरतडल्या गेल्या आहेत. चित्र जसेच्या तसे आहे. पाय चुकलेले आहेत. सरांना ते दिसले नसतील असे नाही; परंतु पानावर त्यांच्या शाईचा एक ठिपकाही नाही. खाली त्यांच्या हातच्या वळणदार अक्षरांत माझे नाव आणि त्याच्या आधी खंड्याचे नाव आहे.

नियामक मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. या व्याख्यानमालेच्या जोडीला दरवर्षी शाळेने मुलांच्या अशा चित्रांचा एक संग्रह बांधावा. छापला तर उत्तमच. न छापता एकच प्रत बांधून ग्रंथालयात ठेवली तरी चालेल. प्रत्येक पानावर प्राण्याचे नाव असावे, मुलाचे नाव असावे आणि तो प्राणी कुणाचा कोण, हे दोन ओळींत मुलाने स्वतः लिहावे. पन्नास वर्षांनी कुणीतरी माजी विद्यार्थी परगावाहून येईल आणि ते पान मागेल. त्याला ते जसेच्या तसे मिळावे, एवढीच सरांची आठवण राखण्याची माझी कल्पना आहे. पहिल्या संग्रहाच्या कागदाचा आणि बांधणीचा खर्च उचलण्याची परवानगी मला द्यावी, ही विनंती.

मागच्या कडेला बसलेल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही फार धीराने ऐकलेत. घरी गेल्यावर आठ दिवस वही उघडू नका. नुसते पाहा.